कुलसंमेलनाच्या मांडवात

दिवाळी आणि मे महिन्याची सुटी जवळ आली की पुण्या-मुंबईतील मंगल कार्यालये कुलसंमेलनांसाठी आगाऊ राखून ठेवली जातात. कुलदैवताचे स्मरण, मूळ गावाची महती, भिंतभर पसरलेला वंशावळीचा तक्ता, ज्येष्ठांचा सत्कार, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके आणि शेवटी पंक्तीचे जेवण, असा या समारंभांचा सर्वसाधारण क्रम असतो. पुरोगामी मंडळी जातिनिष्ठेचा अवशेष म्हणून त्यांची थट्टा करतात. ही थट्टा सर्वस्वी अनाठायी आहे असे नाही. तथापि शहराच्या धकाधकीत एकाकी पडलेल्या वृद्ध माणसाला आपल्या आजोबांना ओळखणारे कोणी भेटते, ही गोष्ट कमी मोलाची नव्हे. अडलेल्या नातलगाच्या मुलाची फी कुलनिधीतून भरली जाते, हेही खरे आहे. ज्या समाजात राज्यसंस्थेने सामाजिक सुरक्षिततेचा भार उचललेला नाही, तेथे हे काम भावकीच करीत आली आहे.

प्रश्न उभा राहतो तो सत्काराच्या वेळी. आपल्या कुळात अमुक एक थोर समाजसेवक होऊन गेला, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि सारा मांडव टाळ्या वाजवितो. या टाळ्यांचा हक्क नेमका कोणाचा?

कोकणातल्या मुरूडच्या कर्व्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चार पिढ्यांची लोकसेवा एका आडनावाखाली दाखविता येईल अशी घराणी महाराष्ट्रात फार नाहीत. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकविण्या करीत असताना गावच्या मंडळींना जोडून त्यांनी १८८६ च्या सुमारास 'मुरूड फंड' उभारला. ज्याने त्याने मिळकतीतला लहानसा वाटा गावाच्या हितासाठी द्यावा, अशी ती कल्पना होती. पुढे गिरणगावातल्या दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणाऱ्या कोकणी कामगारांच्या ग्रामस्थ मंडळांनीही तोच मार्ग चोखाळला. त्यांची कुलवृत्तान्ते मात्र कोणी छापली नाहीत.

त्याच मुरूडने १८९३ मध्ये कर्व्यांना बाहेर टाकले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी त्यांनी ११ मार्च रोजी पुण्यात विवाह केला, हा त्यांचा अपराध. गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांना घरात थारा दिला तर भावावरही बहिष्कार पडेल, अशी त्यात तजवीज होती. कुळाचा आधार जसा खरा, तशी कुळाची ही धाकदपटशाहीही खरी. किंबहुना आधार काढून घेण्याची भीती घालता येते म्हणूनच ही धाकदपटशाही चालते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर विम्याचा हप्ता येथे आज्ञाधारकपणाच्या रूपाने वसूल होतो. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेल्या पुरुषाचा अभिमान वाहताना १८९३ चा तो ठराव व्यासपीठावरून वाचून दाखवावयास हवा, म्हणजे अभिमानाची किंमत कोणी मोजली ते श्रोत्यांना कळेल.

ही किंमत एकट्या अण्णांनी मोजली असेही नाही. १८९६ मध्ये स्थापन झालेला आणि पुढे हिंगण्याला गेलेला विधवांचा आश्रम सनातनी देणगीदारांच्या मनातून उतरू नये, म्हणून पुनर्विवाहित बायाला, म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना, कित्येक वर्षे त्याच्या कामापासून दूर ठेवण्यात आले. घरातील पैसा संस्थेकडे जात होता आणि मुलांचे कसे होणार ही काळजी बाया वाहत होती. 'माझे पुराण' या तिच्या आत्मकथनात ही बाजू विलक्षण मोकळेपणाने आली आहे. थोर पुरुषाच्या त्यागाचा हिशेब मांडताना त्याच्या घरातील बाईच्या खात्यावर किती रक्कम पडली, हे आपल्या चळवळीतही क्वचितच कोणी विचारले आहे.

येथे वंशावळीचा तक्ता फार गमतीदार अडचणीत सापडतो. बाया जन्माने जोशी. तिची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिने आश्रमासाठी गावोगाव निधी जमविला आणि त्याच हेतूने तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकाही गाठली. कर्व्यांच्या कुळात तिला रकाना नाही. समाजशास्त्रात ज्यांचे नाव जगात गेले त्या इरावतीबाई माहेरच्या करमरकर. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्ये प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारी विदुषी याच घरात सून म्हणून वावरली. तिच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी लेखिका. जुन्या पद्धतीच्या कुलवृत्तान्तात त्यांची नोंद लग्नापाशी थांबावयाची. ज्याला कर्वे घराण्याची परंपरा म्हणावयाचे, तिचा मोठा भाग असा बाहेरून आलेल्या आणि बाहेर गेलेल्या स्त्रियांनी वाहिलेला आहे. रक्ताच्या नळातून ती आलेली नाही.

घराण्याच्या परंपरेचा हा विचार राजकीय कार्यकर्त्यानेही मनावर घ्यावा असा आहे. सहकारी कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि विधानसभेची जागा ही वडिलांच्या सेवेची मिळकत म्हणून मुलाच्या नावे चढविण्याची रीत महाराष्ट्रात रुळली आहे, आणि तिलाही 'सेवेचा वारसा' असेच गोंडस नाव दिले जाते. अण्णांच्या मुलांना मिळालेला वारसा निराळ्या जातीचा होता. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव रसायनशास्त्र शिकवीत फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९६३ मध्ये त्यांनी पाच मराठी कुटुंबांच्या आठवणी इंग्रजीत संकलित केल्या. भास्करराव आणि कावेरीबाई हिंगण्यालाच राबले. नातू आनंदराव ग्रामीण तंत्रज्ञानात, सुधारलेल्या चुली आणि टाकाऊ अन्नावरील बायोगॅस यांत रमले. ज्याने त्याने आपले काम स्वतः शोधले.

आणि मोकळ्या मनाने असेही म्हटले पाहिजे की, आपल्या शिबिरांत आणि मेळाव्यांत आज तिसऱ्या पिढीची तीच तीच आडनावे दिसतात, जुनी गाणी होतात, ओळखीच्यांची विचारपूस होते आणि नव्या वस्तीतला अनोळखी मुलगा मागच्या सतरंजीवर बसून परत जातो. कुलसंमेलनाला हसणाऱ्यांनी हे दृश्य एकदा लक्षपूर्वक पाहावे.

अण्णांनी १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाच्या निर्मूलनासाठी समता संघ काढला. कुलसंमेलनांच्या कार्यकारिणींपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते : शिष्यवृत्तीच्या नियमातील 'कुलबांधवांच्या पाल्यांसाठी' हे शब्द काढून तेथे 'मूळ गावातील कोणत्याही मुलामुलीसाठी' असे लिहावे. ज्या कार्यकारिणीत हा ठराव संमत होईल तिने अण्णांचे छायाचित्र भिंतीवर अवश्य लावावे.

शेजारी आणखी एक छायाचित्र लागेल. अण्णांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी १९२५ मध्ये त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' त्यांनी पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि त्यांतील १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. पत्नी मालतीबाईंच्या संमतीने त्यांनी मूल होऊ दिले नाही. वंशावळीच्या तक्त्यात अशा नावापुढे जुन्या रिवाजाप्रमाणे एकच शब्द लिहितात : निर्वंश.