विश्लेषण : उपग्रह एवढे प्रगत, तरी समुद्रतळाचा नकाशा अपुरा का?

जगाच्या समुद्रतळाचा संपूर्ण नकाशा २०३० पर्यंत तयार करायचा, असे 'सीबेड २०३०' प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. जून २०२५ पर्यंत जेमतेम २७.३ टक्के तळाचे प्रत्यक्ष मोजमाप झाले होते. २०२६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटनेची मोनॅकोत सभा आणि सुदूर संवेदन तज्ज्ञांची टोरांटोत परिषद होत आहे. यंत्रे सुधारली, पण मोजलेली खोली इतरांना द्यायची का, इथे घोडे अडले आहे.

उपग्रहांना तळ का दिसत नाही?

जुलै २०२५ मध्ये झेपावलेला 'निसार' ढगांआडूनही जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपतो. मात्र रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. त्यामुळे तळाचा अंदाज आडमार्गाने घेतला जातो. समुद्राखालील पर्वताच्या गुरुत्वाकर्षणाने वरचे पाणी किंचित फुगते. दोन किलोमीटर उंच पर्वतावर हा फुगवटा साधारण दोन मीटरचा असतो. २०२२ मधील 'स्वॉट'सारखे उपग्रह तो मोजतात. पण काही किलोमीटरपेक्षा लहान चढउतार यातून निसटतात.

मग खोली मोजतात कशी?

जहाजावरील मल्टिबीम सोनारने. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. चार हजार मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. एका फेरीत खोलीच्या साधारण तीन-चार पट रुंद पट्टा मोजला जातो. खोल समुद्रात तो १२ ते १६ किलोमीटर असतो, तर ५० मीटर खोलीवर फक्त दीडशे-दोनशे मीटर. म्हणून किनाऱ्याजवळचे काम अधिक वेळखाऊ ठरते. तिथे उपग्रहावरील लेझर मदतीला येतो, पण पाणी नितळ हवे. पावसाळ्यात गढूळलेल्या कोकणच्या खाड्यांत तो निरुपयोगी.

नकाशा नसल्याने काय बिघडते?

२०१४ मध्ये मलेशियाचे एमएच३७० विमान बेपत्ता झाले. हिंदी महासागरात शोध सुरू करण्याआधी तिथला तळच मोजावा लागला. वादळात किनाऱ्यावर पाणी किती चढेल, त्सुनामी कुठे जोरात आदळेल, याचे गणितही खोलीच्या आकड्यांवर चालते. आकडे जुने असतील, तर अंदाजही चुकतो.

अडते कुठे?

अनेक देशांच्या नौदलांकडे तपशीलवार मोजमापे आहेत. पण त्याच आकड्यांवर पाणबुड्यांचे मार्ग ठरत असल्याने ती खुली होत नाहीत. मालवाहू आणि मासेमारी नौकांवरील साध्या खोलीमापकांची माहिती गोळा करण्याचा पर्याय आहे. मात्र आपल्या हद्दीतील अशी माहिती जाहीर करू द्यायची का, हे किनारी देश ठरवतात.

भारत कुठे आहे?

भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. त्याच्या मल्टिबीम सर्वेक्षणात गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटींच्या 'डीप ओशन मिशन'ला मंजुरी मिळाली. २०२४ मध्ये 'आयएनएस संधायक' हे सर्वेक्षण जहाज नौदलात आले. म्हणजे मोजण्याची क्षमता वाढते आहे. त्यातले किती खुले करायचे, हा निर्णय बाकी आहे. संपूर्ण मोजमाप गुप्त ठेवण्याऐवजी विरळ तपशिलाचा नकाशा खुला करणे, हा मधला मार्ग आहे. वादळ आणि त्सुनामीच्या अंदाजांना त्याचाही मोठा उपयोग होईल.