बालकांचा पूरक आहार आणि ठेकेदारी

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिला आता अर्धशतक उलटून गेले आहे. या काळात अंगणवाड्यांची संख्या काही हजारांवरून लाखांच्या घरात गेली. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील आकडे कोणत्याही सरकारला मान खाली घालावयास लावणारे आहेत. पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने खुजी, तर १९.३ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. स्वतःला प्रगत म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात कृश बालकांचे प्रमाण २५.६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही अधिक निघाले.

या बालकांना पूरक आहार कोणता द्यावा, कारखान्यातील पाकीट, गावात दळलेले पीठ की अंडे, हा प्रश्न तज्ज्ञांचा म्हणून बाजूला ठेवण्याची सवय आपल्या चळवळीतही आहे. ती सोडावयास हवी. या आहारांची तुलना अनेकदा झालेली आहे. तिचे निष्कर्ष समजून घेतल्याखेरीज आपल्या मागण्यांना धार येणार नाही.

‘प्रथिनांच्या तुटवड्या’चा धडा

प्रथम थोडा इतिहास. १९६० च्या दशकात जगातील गरीब मुलांच्या कुपोषणाचे मूळ कारण प्रथिनांचा अभाव होय, असे ठामपणे सांगितले जात होते. येऊ घातलेल्या ‘प्रथिन संकटा’वर राष्ट्रसंघाने १९६८ मध्ये अहवाल काढला. प्रथिनयुक्त खास पिठे व भुकट्या यांची चलती झाली. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली मका, सोया व दूधभुकटीचे मिश्रण ‘केअर’ संस्थेमार्फत आपल्या देशात वाटले गेले.

या सिद्धांताला आव्हान देणाऱ्यांत दोन भारतीय अग्रभागी होते : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. मूल मुळात उपाशी आहे. धान्य-डाळीचा नेहमीचा आहार त्याला पोटभर मिळाला तर प्रथिनांची बहुतांश गरज त्यातूनच भागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हा सुखात्म्यांचा पुढचा युक्तिवाद भुकेचा आकडा लहान दाखविण्यासाठी वापरला गेला आणि गोपालन यांनी त्याला विरोध केला, हेही येथे नोंदविले पाहिजे. मात्र प्रथिनांबाबतचा त्यांचा मूळ मुद्दा काळाने खरा ठरविला. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये या सगळ्या प्रकरणाला ‘प्रथिनांची महाफजिती’ म्हटले.

त्याच विचारातून ‘हैदराबाद मिश्रण’ तयार झाले : भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभरा १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एवढ्यातून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी कामावर सुकडी खाल्ली त्यांना हा पदार्थ परका वाटणार नाही. त्याला पेटंट लागत नाही आणि परदेशी यंत्रही लागत नाही.

पाकिटाची कसोटी

१९९६ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां व मिशेल लेस्कान यांनी शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल व सूक्ष्म पोषकद्रव्ये यांचा एक घट्ट लगदा बनविला. न्यूट्रिसेट या कंपनीचा हा ‘प्लंपीनट’. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० उष्मांक असतात. त्यात पाणी नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत, आणि तो शिजवावाही लागत नाही. दुष्काळ व युद्ध यांच्या प्रदेशांत या लगद्याने असंख्य मुलांचे प्राण वाचविले आहेत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी तीव्र कुपोषित मुलांवर वस्तीतच उपचार करण्यासाठी त्याची शिफारस केली.

भारत सरकारने मात्र २००९ मध्ये युनिसेफने आणलेला साठा परत पाठविण्यास सांगितले आणि २०१७ मध्ये राज्यांना कळविले की असा आहार हे मान्य धोरण नाही. आपल्यापैकी अनेकांनी या नकाराचे स्वागत केले. मक्तेदारीला विरोध म्हणून ते समजण्यासारखे होते. परंतु या नकारासोबत तीव्र कुपोषित मुलाच्या घरच्या उपचाराची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली नाही. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या मुलापुढे साम्राज्यवादविरोधी घोषणा पुरेशी नसते. त्याला दाट, सुरक्षित, औषधासारखा आहार आजच हवा असतो.

तो कोणी बनवावा, याचे उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने दिले. दिल्ली, राजस्थान व तामिळनाडू येथील ९०६ तीव्र कुपोषित मुलांना तीन गटांत विभागून सोळा आठवड्यांपर्यंत आहार दिला गेला. कारखान्यातील लगद्यावर सुमारे ४८ टक्के, स्थानिक पातळीवर बनविलेल्या लगद्यावर ५७ टक्के आणि वाढीव घरगुती आहारावर ४३ टक्के मुले बरी झाली. म्हणजे स्थानिक लगदा मोठ्या कारखान्याच्या मालापेक्षा कोठेही उणा पडला नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. उपचार थांबल्यानंतर, अभ्यासाच्या अखेरीस, कृशतेतून बाहेर असलेल्या मुलांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच झाले. मूल ज्या घरात परतले तेथील दारिद्र्य तसेच होते.

उपचारासाठीचा हा लगदा आता सर्वच मुलांच्या प्रतिबंधासाठी लहान मात्रेत विकण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. सुमारे २० ग्रॅमच्या रोजच्या पुडीवरील १४ चाचण्यांचे २०२१ मध्ये एकत्र विश्लेषण झाले. त्यानुसार खुजेपणाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटले. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा अर्थ असा की जेथे १०० मुले खुजी राहिली असती तेथे ८८ राहतील. त्या ८८ मुलांसाठी बाजारात पुडी नाही.

वाटीतील वस्तुस्थिती

दोन वर्षांखालील मुलाची अडचण साधी आहे : पोट लहान आणि गरज मोठी. पातळ पेजेने पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून आहार दाट हवा, त्यात तेल हवे, आणि नऊ महिन्यांनंतर तो दिवसातून तीन-चार वेळा भरवावयास हवा. घट्ट लापशी मुलाला गिळवत नाही. त्यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी अभ्यासलेला उपाय आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होता. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घातले की लापशी सैल होते आणि पाणी न वाढविता जास्त अन्न पोटात जाते.

अंड्याबद्दलही अतिशयोक्ती नको. इक्वेडोरमध्ये सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर खुजेपणा ४७ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ मध्ये दिसले; मलावीतील तशाच चाचणीत २०१९ मध्ये तसा परिणाम आढळला नाही. तेथील मुलांच्या जेवणात मासळी आधीच होती. यावरून एवढे निश्चित होते की ज्याच्या ताटात प्राणिजन्य अन्न नाही त्याला अंड्याची गरज अधिक. आदिवासी व दलित वस्त्यांतील बालके नेमकी या स्थितीत आहेत. तरीही २०१५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव फेटाळला. मूठभरांच्या सोवळ्यासाठी बहुसंख्य मुलांचा घास काढून घेणे हे आहारशास्त्र नव्हे, जातिव्यवस्थेचे राजकारण आहे.

साखरेच्या बाबतीत आपणही सावध असले पाहिजे. नेस्लेच्या भारतातील सेरेलॅकमध्ये एका वेळच्या मात्रेत सरासरी सुमारे २.७ ग्रॅम साखर घातली जात होती आणि स्वित्झर्लंडमधील तशा मालात ती नव्हती, हे ‘पब्लिक आय’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये उघडकीस आणले. पण वर दिलेल्या हैदराबाद मिश्रणातही जवळजवळ चौथा हिस्सा गूळच आहे. गूळ कमी करून तेल व शेंगदाणा वाढविण्याची मागणी आपण स्वतःहून केली पाहिजे.

पीठ कोणाच्या गिरणीत दळले जाते?

तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा : चांगल्या आहारांमधील फरक थोडा आहे, तो मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचतो की नाही, यातील फरक प्रचंड आहे. ठेकेदारी आड येते ती येथे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात मात्र महिला मंडळांच्या पाट्यांमागे खासगी कंपन्या उभ्या असल्याचे न्यायालयाच्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये दाखवून दिले. पुढे २०१६ मध्ये काढलेली सुमारे ६,३०० कोटी रुपयांची कंत्राटे फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण निविदेच्या अटी बचतगटांना बाहेर ठेवून बड्या उत्पादकांची सोय पाहणाऱ्या होत्या.

केरळमध्ये याच कामासाठी कुटुंबश्रीच्या महिला गटांनी ‘अमृतम’ हे गहू, हरभरा, सोया, शेंगदाणे व साखरेचे पीठ बनविण्यास सुरुवात केली. पैसा गावात राहतो आणि माल बिघडला तर जाब कोणाला विचारावा हे आईला ठाऊक असते. केरळचे खुजेपणाचे प्रमाण पाचव्या पाहणीत २३.४ टक्के, म्हणजे देशाहून बरेच कमी आहे. परंतु चौथ्या पाहणीत ते १९.७ टक्के होते, हेही लपविता कामा नये. चांगल्या पिठालाही काम, मजुरी, रेशन व आरोग्यसेवा यांची जागा भरून काढता येत नाही.

आपले काम

अन्नसुरक्षा कायदा, २०१३ ने बालकाला रोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा हक्क दिला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरविले. हक्क आणि रक्कम यांतील ही तफावत प्रत्येक सभेत मांडली पाहिजे. २०१८ मध्ये सेविकेचे केंद्रीय मानधन ४,५०० रुपये झाले. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. भरविणारे हात उपाशी ठेवून बालकांचे पोषण होणार नाही.

म्हणून पक्षशाखांनी, महिला व शेतमजूर संघटनांनी पुढील मागण्या एकत्र घेऊन उभे राहावे :

१) तीव्र कुपोषित मुलासाठी दाट उपचारात्मक आहार विनाविलंब मिळावा, तो सार्वजनिक क्षेत्रात किंवा महिला गटांकडून बनवून घ्यावा.

२) इतर सर्व बालकांसाठी स्थानिक धान्य-डाळीचे पीठ, तेल, ताजा शिजवलेला आहार व इच्छुकांना अंडे द्यावे, दर महागाईनुसार वाढवावा.

३) ठेकेदारी बंद करून खऱ्या बचतगटांना भांडवल, गिरणी व तपासणीची प्रयोगशाळा द्यावी.

४) तीन वर्षांखालील मुलांसाठी कामाच्या जागी पाळणाघरे उघडावीत. बीडहून निघालेल्या ऊसतोड मजुराच्या मुलाचा आहार फडावर, मग तो कर्नाटकात का असेना, त्याच्यासोबत गेला पाहिजे.

५) अंगणवाडी कर्मचाऱ्यांना शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन द्यावे.

आपापल्या गावातील अंगणवाडीत जाऊन आज काय शिजले, किती शिजले आणि कोणी पुरविले याची नोंद प्रत्येक शाखेने ठेवावी. त्या वहीच्या आधारे तालुक्याच्या कचेरीवर गेलेला मोर्चा परतवून लावणे अधिकाऱ्यांना सोपे जाणार नाही.