लुआऊचें पान

हवाई बेटांचा प्रवास ही आतां आमच्या वाचकवर्गास केवळ नकाशांतली गोष्ट राहिलेली नाहीं. कोणाचा मुलगा कॅलिफोर्नियांत नोकरीस, कोणाची लेक सिॲटलला. आजी-आजोबा चार महिन्यांकरितां तिकडे गेले कीं नातवंडांच्या सुटींत सर्वांनीं मिळून कोठें जावें हा प्रश्न निघतो, आणि पुष्कळ वेळां उत्तर हवाई असें येतें. तिकिटें निघालीं कीं दुसरा प्रश्न उभा राहतो : लुआऊला जावयाचें काय, आणि जावयाचें तर कोणत्या? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. मोठ्या माणसास दीडशे-दोनशे डॉलर सहज पडतात. आठ माणसांच्या कुटुंबानें एका संध्याकाळीं हजार-बाराशे डॉलर वेंचावेत आणि आजीनें मात्र कोरडा भात व अननसाची फोड खाऊन परत यावें, असें होऊं नये.

लुआऊ म्हणजे हवाईची मेजवानी, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु शब्दाचा मूळ अर्थ कळला तर आमच्या वाचकभगिनींस मौज वाटेल. लुआऊ म्हणजे अळूचें कोवळें पान. आपल्या परसांत न्हाणीच्या पाण्यावर वाढतें तेंच हें अळू. तिकडे त्यास 'कालो' म्हणतात. हीं पानें नारळाच्या दुधांत शिजवून मेजवानींत वाढीत, त्यावरून मेजवानीसच तें नांव पडलें. जुना शब्द 'पाइना' किंवा 'अहाआइना' असा होता. अळू कच्चें राहिलें तर घसा खाजतो हें त्यांनाही चांगलें ठाऊक. आपण चिंच घालतों, ते पानें फार वेळ शिजवितात, इतकाच भेद. कंद उकडून, दगडी बत्त्यानें कुटून, पाणी घालीत जी जांभळट-करडी लापशी करतात ती 'पोई'. ताजी पोई फिकी असते, दोन-तीन दिवसांनीं आंबते, आणि जुन्या माणसांस ती आंबलेलीच आवडते; आंबील खाणारांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. हवाईच्या पुराणकथेंत वाकेआ याचें पहिलें मूल मृत जन्मलें. तें जेथें पुरलें तेथें कालोचें रोप उगवलें. मागून जन्मलेला हालोआ हा मनुष्यांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ झाला, आणि म्हणूनच पोईचें भांडें उघडें असतां पंक्तींत कोणीं भांडूं नये अशी तिकडे रीत आहे. एकत्र कुटुंबांत राहणारांस हिचें मोल निराळें सांगावयास नको.

या मेजवानीच्या इतिहासांतली आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १८१९ पर्यंत हवाईंत स्त्री-पुरुषांनीं एकत्र जेवणें निषिद्ध होतें. डुकराचें मांस, नारळ, बहुतेक जातींचीं केळीं हीं स्त्रियांस वर्ज्य होतीं, आणि निषेध मोडणारास देहदंडही होई. त्या वर्षीं पहिला कामेहामेहा राजा निवर्तला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी या दोघींच्या आग्रहानें तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसला आणि जेवला. त्या एका जेवणानें 'कापू' नांवाची निषेधांची सारी व्यवस्था कोसळली. मिशनरी तेथें १८२० सालीं उतरले. तेव्हां हें कांहीं त्यांच्या उपदेशानें घडलें नाहीं. पुरुषांचीं पानें उठल्यावर मगच बायकांची पंगत मांडीत, हें ज्यांनीं आपल्या आजोळीं पाहिलें असेल त्यांनीं लुआऊच्या लांब टेबलावर मुलां-सुनांबरोबर बसतांना ही गोष्ट अवश्य आठवावी.

आतां पानांत काय पडतें तें पाहूं. मुख्य पदार्थ डुकराचा. जमिनींत खड्डा खणून त्यांत लांकडें पेटवितात व दगड तापवितात; त्यांवर केळीचे चिरलेले खांब, 'ती' नांवाच्या झाडाचीं पानें, मग अख्खा प्राणी, वर पुन्हा पानें, ओलीं पोतीं आणि माती. या भट्टीस 'इमू' म्हणतात. कित्येक तासांनीं संध्याकाळीं ती उघडतात आणि पाहुणे भोंवतीं जमतात. ज्यांस तें पाहवत नाहीं त्यांनीं तेवढा वेळ समुद्रकांठीं फेरी मारावी. ज्याच्या घरचा हा सण त्याच्या देखत नाक मुरडणें मात्र आलेल्या पाहुण्यास शोभत नाहीं.

शाकाहारी मंडळींनीं डोळ्यांवर भरंवसा ठेवूं नये. टोमॅटो-कांद्याची सुरेख कोशिंबीर दिसते तिचें नांव 'लोमी', आणि तींत खारवलेला साल्मन मासा असतो. शेवयांसारखें दिसणारें 'लाँग राइस' कोंबडीच्या रश्श्यांत शिजलेलें असतें. ज्या अळूच्या भाजीवरून समारंभाचें नांव पडलें तींतसुद्धां बहुधा माकूळ किंवा कोंबडी घालतात, हें तर दुर्दैवच म्हणावयाचें! निर्धास्तपणें खाण्याजोगें म्हणजे पोई, रताळीं, भात, फळें, आणि 'हाउपिया' ही नारळाच्या दुधाची थापलेली वडी, जी दिसावयास आपल्या खरवसासारखी असते. जागा राखतांनाच सांगितलें तर पुष्कळ ठिकाणीं शाकाहारी पान वेगळें देतात. येथें एक बारकावा आहे. जेथें पदार्थ टेबलावर आणून वाढतात तेथें ही सोय नीट होते. जेथें आपलें आपण वाढून घ्यावयाचें असतें तेथें एकच डाव सगळ्या भांड्यांतून हिंडण्याचा संभव असतो. सोवळ्याची फार आंच असलेल्या वडील माणसांसाठीं पहिला प्रकार निवडावा, चार डॉलर अधिक पडले तरी.

जेवणापेक्षांही निवडीचा खरा प्रश्न नृत्याचा आहे. पेटत्या सुऱ्या फिरविणारा जो तरुण सर्व जाहिरातींत झळकतो तो खेळ हवाईचा नव्हे, सामोआचा. ढोलाच्या जलद ठेक्यावर कंबर हलविण्याचें नृत्य ताहितीचें, आणि दोरीला बांधलेले चेंडू फिरविण्याची कला न्यूझीलंडच्या माओरींची. हवाईचा स्वतःचा तो हुला : संथ, आणि मंत्राच्या किंवा गीताच्या शब्दांचा अर्थ हातांनीं सांगणारा. काआहुमानू राणीनें ख्रिस्ती झाल्यावर १८३० सालीं सार्वजनिक हुलावर बंदी घातली. पुढें कालाकाउआ राजानें १८८३ सालीं आपल्या राज्याभिषेकप्रसंगीं तो पुन्हा राजवाड्याच्या अंगणांत आणला. (हाच राजा १८८१ च्या आपल्या पृथ्वीप्रदक्षिणेंत कलकत्त्यास व मुंबईस येऊन गेला होता.) हिलो गांवीं दर वर्षीं त्याच्या स्मरणार्थ हुलाचा मोठा उत्सव भरतो, तो १९६४ पासून चालू आहे. आगीचा खेळ नको असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांस तोच आवडणार. पण सूत्रधार तो कोठला म्हणून सांगतो कीं सगळें एकाच पिशवींत कोंबतो, यावरून त्या मंडळीची पारख होते.

याहून कठोर आक्षेपही आहे आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १८९३ त राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यांत आलें, १८९८ त अमेरिकेनें बेटें आपल्या राज्यास जोडलीं. हवाईच्याच विदुषी हौनानी-के ट्रास्क (मृत्यु २०२१) यांनीं प्रवाशांच्या करमणुकीसाठीं मांडलेल्या हुलावर, संस्कृतीची ही विक्री आहे, अशा आशयाची तीव्र टीका केली आहे. उद्यां कोणी परकी मंडळी आपला गोंधळ हॉटेलच्या हिरवळींत वीस मिनिटांत आटोपून दाखवूं लागली तर आपल्याला काय वाटेल, हें मनांत आणलें कीं त्या टीकेची धार कळते. तरीही मुळीं जाऊंच नये, असें आमचें मत नाहीं. नाचणारांपैकीं अनेकांनीं 'हालाउ'त, म्हणजे हुलाच्या गुरुगृहीं, वर्षानुवर्षें शिक्षण घेतलेलें असतें आणि त्यांची उपजीविका त्यावर चालते. पाहणारानें फक्त मद्याचा पेला आणि छायाचित्रें यांपुरतें तेथें जाऊं नये.

ठिकाणांविषयीं थोडें. माउई बेटावरील ओल्ड लाहाइना लुआऊ १९८६ पासूनचा. तेथें भर हवाईच्या हुलावरच आहे, आगीचा खेळ नाहीं. ८ ऑगस्ट २०२३ च्या भयंकर वणव्यांत लाहाइना गांव जळालें, पण हा लुआऊ २०२४ सालीं पुन्हा सुरू झाला. आम्हांस निवड करावयाची तर पहिली पसंती याची, कारण सूर्यास्तही तेथून समुद्रावर दिसतो. ओआहू बेटावर लाइए येथील पॉलिनेशियन कल्चरल सेंटर १९६३ त मॉर्मन पंथानें स्थापिलें. तेथें मद्य मिळत नाहीं, ही गोष्ट आमच्या पुष्कळ घरांस सोयीची वाटेल, व रविवारीं तें बंद असतें. सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती यांचीं वेगवेगळीं गांवें तेथें उभारलेलीं असल्यामुळें शाळेंतील मुलांस सबंध दिवस पुरतो. वृद्धांस मात्र चालणें फार पडतें. काउआईवर वाइलुआ नदीकांठीं स्मिथ कुटुंबाचा बागेंतला लुआऊ आहे. बागेंत मोर हिंडतात, आणि कार्यक्रमांत चिनी, जपानी, फिलिपिनो नृत्येंही येतात. उंसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जे लोक या बेटांवर आले त्यांची ही आठवण. हीं दोन्ही स्थळें पूर्वेच्या, पावसाळी बाजूस आहेत हें ध्यानांत ठेवावें.

अगदीं पहिल्या संध्याकाळीं लुआऊ ठरवूं नये. न्यूयॉर्ककडून आलेल्या मुलाच्या पोटांतलें घड्याळ हवाईपेक्षां पांच-सहा तास पुढें असतें. रात्रीं आठला नृत्य ऐन रंगांत येतें तेव्हां त्याची मध्यरात्र उलटलेली असते. तिसरा-चौथा दिवस बरा. काहीं ठिकाणीं रंगमंचापुढें चटईवर बसवितात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठीं खुर्चीची जागा आधींच मागून घ्यावी.

आणि हवाईंत कोणी ओळखीचें असेल, तर त्यांच्या शेजारीं मुलाचा पहिला वाढदिवस आहे काय तें विचारावें. बाहेरून आलेल्या रोगांनीं तान्हीं मुलें दगावत असत त्या काळापासून तेथें पहिलें वर्ष पार पडल्याचा लुआऊ थाटानें करतात. त्यास तिकीट नसतें. पाहुण्यांना आग्रहानें वाढतात आणि निघतांना हातांत डबाही देतात. अशा पंक्तीस बोलावणें आलें तर वर लिहिलेलीं सर्व स्थळें बाजूस ठेवावींत. जातांना लिंबाच्या लोणच्याची लहान बाटली न्यावी. पोईबरोबर तें फार चांगलें लागतें.