सहलीची चाल कोणाची?



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की बारामती-इंदापूर पट्ट्यातील दवाखान्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, आम्ही सगळे कोकणात निघालोय. आईंना नेले तर चालेल का?" ज्यांच्याविषयी हा प्रश्न असतो, त्यांच्यापैकी कित्येकांनी आयुष्यभर पाणी पाहिले ते नीरा-भीमेचे आणि उजनीच्या जलाशयाचे. समुद्र पाहायचा राहून गेलेला असतो.

बहुतेक वेळा वैद्यकीय उत्तर होकारार्थी असते. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात असतील, घरात-अंगणात काठीच्या आधाराने का होईना चालणे होत असेल आणि गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर केवळ वय हे घरी राहण्याचे कारण नव्हे. तरीही चांगल्या प्रकृतीची माणसे सहलीहून आजारी होऊन परततात. त्याचे मूळ पुष्कळदा आजारात नसून सहलीच्या आखणीत असते. पहाटे चारला निघणे, दुपारी तीनला जेवण, लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे आणि सायंकाळी दोनशे पायऱ्या! असे एकदा घडले की घरात एक वाक्य कायमचे ठरून जाते, 'आईंना आता प्रवास झेपत नाही.' मग पुढच्या प्रत्येक सहलीला आणि दूरच्या प्रत्येक लग्नाला त्या मागे राहतात. म्हणूनच सहल कंपनीची निवड हा आरोग्याचाच विषय मानून आज त्याविषयी लिहितो आहे.

आपली हवा आणि किनाऱ्याची हवा

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो. पारा चाळीस अंशांवर गेला तरी घाम लगेच वाळतो, आणि घाम वाळला की अंग थंड होते. किनाऱ्यावर तापमान तेहतीस अंशच असेल, पण हवेत बाष्प भरपूर असते. तेथे घाम वाळत नाही, नुसता वाहतो. शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात, अंग मात्र थंड होत नाही. "आम्हाला इंदापूरच्या उन्हाची सवय आहे," हा विश्वास येथे फसवतो.

त्यातच उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी कमी होते. मग बसमधून उतरताना किंवा पहाटे अंथरुणातून उठताना रक्तदाब एकदम उतरतो, चक्कर येते आणि पडून खुब्याचे हाड मोडते. हे टाळायचे असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ निवडावा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी मे महिन्यातील किनारा शक्यतो टाळावा. महिना कोणताही असो, दुपारी बारा ते चार ही वेळ खोलीवर विश्रांतीची असली पाहिजे.

पत्रक वाचण्याची रीत

कंपनीच्या पत्रकात आपण आधी स्थळांची नावे मोजतो. त्याऐवजी तास मोजावेत. बारामतीहून फलटण, सातारा, कराड, पाटण या मार्गाने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गणपतीपुळे हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक भरते. घाट आणि थांबे धरता मोठ्या बसला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. त्याच दिवशी सायंकाळी आणखी दोन स्थळे दाखवण्याचे वचन असेल, तर ती घाई वृद्धांच्या गुडघ्यांना भोवणार हे समजावे. न्याहारी करून निघणारी आणि चिपळूणला किंवा किनाऱ्यावर पोहोचल्यावर थेट मुक्काम करणारी सहल अधिक चांगली.

रात्रीचा प्रवास ठेवल्याने एका मुक्कामाचे भाडे वाचते, म्हणून पत्रकात तो 'वेळेची बचत' या नावाने येतो. वृद्ध शरीराला एका रात्रीच्या जागरणातून सावरायला दोन दिवस लागतात. घाटात थकलेला चालक ही तर सर्वांच्याच जिवाशी गाठ आहे. रात्रीचा प्रवास असलेली सहल ज्येष्ठांसाठी घेऊ नये.

त्यानंतर प्रत्येक स्थळापुढे 'चालणे किती, पायऱ्या किती' असे पेन्सिलीने लिहावे. गणपतीपुळ्याचे देऊळ अगदी समुद्रालगत आहे, त्यामुळे दर्शन सुलभ होते. मात्र तेथील प्रदक्षिणा डोंगराभोवतीची, सुमारे एक किलोमीटरची आहे. शेजारच्या मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक आहे, तेथे निवांत बसता येते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना हलत्या होडीत चढावे-उतरावे लागते. गुडघे आणि तोल सांभाळता येत नसेल, तर शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर उभारण्यास घेतलेला तो जलदुर्ग किनाऱ्यावरूनही डोळे भरून पाहता येतो.

तीन प्रकारच्या व्यवस्था

पहिला प्रकार मोठ्या कंपन्यांचा. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी, २०१३ मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड अशा कंपन्यांमुळे 'टूर मॅनेजर' हा शब्द मराठी घरांत रुळला. यांच्याकडे कार्यक्रम लेखी मिळतो, निवासाचा दर्जा ठरलेला असतो आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारे कार्यालय असते. मात्र गट मोठा असतो आणि वेळापत्रक एका कुटुंबासाठी सहसा बदलत नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी सहल असल्यास ती सामान्य सहलीपेक्षा कशी वेगळी आहे, हे दिवसागणिक विचारून घ्यावे.

दुसरा प्रकार आपल्याच गावातील ट्रॅव्हल्सवाल्यांचा. बस, सोबत आचारी आणि ओळखीची माणसे. "आजींच्या भाजीत मीठ कमी घाला," असे येथे हक्काने सांगता येते, ही मोठीच सोय आहे. उणीव बहुधा निवासात, शौचालयांत आणि 'एवढ्यात एवढी ठिकाणे' या हट्टात आढळते. गाडीचा विमा आणि परवाना चालू आहे का, चालक दोन आहेत का, हे ओळख असली तरी विचारावे.

तिसरा प्रकार आपणच आखलेल्या सहलीचा. दहा-बारा माणसांचे कुटुंब असेल तर छोटी गाडी ठरवून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर किंवा तारकर्लीच्या निवासांत राहता येते. अंथरुणाला खिळलेले नाहीत, पण दर दोन तासांनी थांबावे लागते, अशा ज्येष्ठांसाठी हाच मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. मात्र जबाबदारी सगळी घरातल्या एका माणसावर येते. ती उचलणारा कोण, हे आधी ठरवावे.

पैसे भरण्यापूर्वीचे प्रश्न

दर आषाढीत तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात. चांगल्या दिंडीची व्यवस्था आठवून पाहा. सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर पुढे गेलेला असतो, मुक्कामी तंबू उभे असतात आणि मागे पडलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यालाही आपली जागा कुठे आहे हे ठाऊक असते. सहल कंपनीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी आणि पुढील प्रश्न स्पष्टपणे विचारावेत.

१. बस किती वेळाने थांबेल आणि तेथे स्वच्छ शौचालय आहे का? पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का? हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. सोय नाही म्हणून पाणी तोडणाऱ्या आजींना परतल्यावर लघवीचा जंतुसंसर्ग झालेला आम्ही वारंवार पाहतो.

२. जेवणाच्या वेळा कोणत्या? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण दोन तास लांबले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

३. खोली तळमजल्यावर किंवा उद्वाहनाजवळ मिळेल का? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का?

४. एखाद्या स्थळी ज्येष्ठांना जायचे नसेल तर ते कोठे बसतील आणि त्यांच्याजवळ कोण थांबेल? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. "बसमध्ये बसतील की!" असे उत्तर आले तर दुसरी कंपनी पाहावी. बंद, तापलेली बस ही विश्रांतीची जागा नव्हे.

५. प्रत्येक मुक्कामापासून जवळचे रुग्णालय कोणते? चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीला आणि ओरोसला जिल्ह्याची रुग्णालये आहेत. शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर विनामूल्य मिळते. सहलप्रमुखाला ही माहिती तोंडपाठ असावी.

६. होडीचा प्रवास असल्यास प्रत्येकाला लाईफ जॅकेट मिळेल का? १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' नौकेच्या अपघातानंतर हा प्रश्न कोणालाही जादा वाटू नये. जॅकेट कमी असतील तर किनाऱ्यावरच थांबावे. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका शांत नाही. नातवंडांना तेथे पोहायला सोडू नये.

व्यवहाराच्या चार गोष्टी

उत्तरे फोनवर मिळाली तरी लेखी मागावीत. मोबाईलवरचा संदेशही चालतो. सहल रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे विशेष पाहावे, कारण वृद्धांच्या बाबतीत आयत्या वेळी ताप किंवा पाठदुखी उद्भवण्याची शक्यता अधिक. पैसे शक्यतो कंपनीच्या खात्यात भरून पक्की पावती घ्यावी. फसगत झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे पुण्याला, तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

प्रवास विमा काढताना असलेले आजार लपवू नयेत. लपवलेला मधुमेह पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरतो. ज्यांनी सत्तरी पूर्ण केली आहे, त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड सोबत ठेवावे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळणाऱ्या या कार्डावर, योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.

आपल्या घरची तयारी

निघण्यापूर्वी तीन आठवडे डॉक्टरांना भेटावे, आदल्या दिवशी नव्हे. गोळ्या बदलल्या तर त्या लागू पडतात की नाही हे पाहायला वेळ मिळतो. लघवी वाढवणारी गोळी प्रवासात स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. घाटात मळमळते म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना भ्रम होतो आणि पुरुषांची लघवी तुंबते. बसच्या पुढच्या भागातील आसन आणि हलके पोट हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

औषधे मूळ पाकिटांसह, दोन दिवस जादा पुरतील इतकी घ्यावीत आणि हातातील पिशवीत ठेवावीत. बसच्या डिकीत ती तापतात. इन्सुलिन बर्फाला थेट चिकटू देऊ नये, थंड पिशवीत ठेवावे. मधुमेह्यांच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. पायांची संवेदना कमी असेल तर तापलेल्या वाळूत अनवाणी चालू नये. भाजलेले आणि शिंपल्याने कापलेले कळत नाही. सुके मासे, पापड, लोणची यांतले मीठ रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी चवीपुरतेच घ्यावे. बसमध्ये दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावीत आणि बसल्या जागी घोटे हलवीत राहावे.

एक चिठ्ठी प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात हवी. त्यावर आजार, औषधांची नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरातल्या दोघांचे फोन क्रमांक लिहावेत. शेवटच्या ईसीजीचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवावे.

आणि हे सारे ठरवताना ज्यांच्यासाठी ही धडपड, त्यांना विचारायला विसरू नये. सहा ठिकाणे पाहण्याची हौस बहुधा आपली असते. आजोबांना कदाचित एकाच किनाऱ्यावर दोन सायंकाळी बसायचे असते, आजींना नातीचा हात धरून लाटेत पाय भिजवायचे असतात. तसे असेल तर यादीतली तीन नावे खोडावीत. घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने आखलेली सहल बाकीच्यांनाही सुखाचीच होते.

परतल्यानंतर दोन आठवडे लक्ष ठेवावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखले किंवा लघवीला जळजळ होऊन ताप आला, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. असे काही झाले नाही, तर पुढच्या सहलीच्या यादीत आईंचे नाव आधी लिहावे.