सह्या कुणाच्या होत्या?

साथींनो,

कुणी मोठा माणूस आपल्या बाजूने बोलला की आपल्याला बरं वाटतं. वाटायलाच पाहिजे. पण तेवढ्यावर भागतं का? यावर एक जुनी, लांबच्या मुलखातली गोष्ट आम्ही सांगतो.

समुद्रापलीकडे हिस्पानिओला नावाचं बेट आहे. आज तिथे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत. तिथले मूळ रहिवासी ताइनो लोक. १४९२ साली कोलंबस तिथे पोचला, मागोमाग स्पेनचे लोक आले. सरकारने गावंच्या गावं त्यांना वाटून दिली. कागदावर लिहिलेलं असं, की मालकाने या लोकांना सांभाळायचं, धर्म शिकवायचा. खरं काय झालं? सोनं काढायला माणसं मरेस्तोवर राबवली. वेठच ती.

२१ डिसेंबर १५११, रविवार. सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मोंतेसिनोस नावाचा फादर उपदेशाला उभा राहिला. समोर गव्हर्नर, साहेबलोक, मालक बसलेले. त्याने तोंडावर विचारलं, की या लोकांना कुठल्या हक्काने गुलाम केलंत? ही माणसं नाहीत का? तुमची श्रीमंती यांच्या मरणावर उभी आहे, हे पाप आहे, असं त्याने बजावलं.

मालक खवळले. मठात जाऊन म्हणाले, शब्द मागे घ्या. पण ते भाषण एकट्याचं नव्हतंच. मठातल्या फादरांनी मिळून ते ठरवलं होतं आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या होत्या. एकाला धरून गप्प करायची सोयच नव्हती. पुढच्या रविवारी मालक माफी ऐकायला आले, तर मोंतेसिनोसने तेच आणखी कडक सांगितलं. वर म्हणाला, तुम्हाला पापाची माफी आम्ही देणार नाही.

लास कासास नावाचा पाद्री त्या काळात स्वतःच मालक होता. १५१४ साली त्याने आपल्या वाट्याची माणसं सोडली आणि जन्मभर त्यांच्या बाजूने भांडला. त्याने लिहून ठेवलं म्हणून ही हकिगत आज आपल्याला माहीत आहे.

मग ताइनो सुटले का? नाही. राजाने १५१२ साली कायदा केला. त्यात विश्रांती आली, जेवण आलं, पण गावांची वाटणी तशीच राहिली. १५१३ मध्ये आणखी एक फर्मान निघालं. राजाची सत्ता माना, नाहीतर लढाई, असं ते गावापुढे स्पॅनिश भाषेत वाचायचं. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळायचं नाही. तरी वाचून झालं म्हणजे कायदेशीर झालं!

साथींनो, हे वाचून आपल्याकडचे पंचनामे आठवले की नाही?

त्या फादरांची हिंमत मोठी होती. त्यांची एकी आपण उचलावी. पण त्या कागदावर एकाही ताइनोची सही नव्हती. राजापुढे वाद झाला तो मालकांत आणि पाद्र्यांत. ज्यांची जमीन, ज्यांचा जीव, त्यांना कुणी विचारलंच नाही.

म्हणून आमचं म्हणणं आहे: वकील बोलो, फादर बोलो, पुढारी बोलो, त्यांना राम राम. पण ठराव ग्रामसभेतच झाला पाहिजे. तो आपल्या बोलीत मोठ्याने वाचला पाहिजे, बायांनीही ऐकला पाहिजे. कळल्याशिवाय अंगठा नाही. एकट्याने, कुणाच्या घरी बोलावून, तर नाहीच नाही. आणि कागदाची नक्कल गावात राहिली पाहिजे.

आपल्यासाठी दुसऱ्याने केलेली सही आपली होत नाही.

जिंदाबाद!