रक्ताचा हिशेब मांडणाऱ्यांना दोन गोल

११ मार्च २०१२ रोजी काठमांडूत एएफसी चॅलेंज कप स्पर्धेत भारत आणि फिलिपाइन्स समोरासमोर आले. भारत ०-२ असा हरला. दोन्ही गोल एकाच खेळाडूचे होते, फिल यंगहजबंडचे. हा खेळाडू १९८७ साली इंग्लंडमध्ये जन्मला. बाप इंग्रज, आई फिलिपिनो. चेल्सीसारख्या मोठ्या क्लबच्या युवा संघात तो तयार झाला. २००६ पासून तो आईच्या देशाकडून खेळू लागला. २०१९ मध्ये त्याने बूट उतरवले तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी ५२ गोल होते. फिलिपाइन्सच्या फुटबॉलमध्ये एवढे गोल तोवर दुसऱ्या कोणी केले नव्हते.

नांदेड-लातूरचा वाचक विचारील, या फुटबॉलशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तो फुटबॉलचा कमी आणि रक्ताचा जास्त आहे.

फिलिपाइन्स हा बास्केटबॉलवेडा देश. फुटबॉलमध्ये त्याची अवस्था एवढी वाईट होती, की २००२ साली इंडोनेशियाने त्याला १३-१ असे चिरडले होते. त्या देशाने मग एक साधी गोष्ट केली. त्याच्या आयाबहिणी पोटासाठी जगभर गेल्या होत्या. कोणी परिचारिका झाली, कोणी घरकामगार, कोणी परदेशी माणसाशी लग्न करून तिथेच राहिली. त्यांच्या मुलांना देशाने हाक मारली. १९८७ च्या त्यांच्या संविधानाप्रमाणे आई किंवा बाप, दोघांपैकी एक फिलिपिनो असला तरी मूल फिलिपिनो. २००३ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वाची वाटही मोकळी केली. मुले आली. २०१० मध्ये त्यांनी हनोईत जाऊन व्हिएतनामला २-० हरवले. गोल केले ख्रिस ग्रेटविच आणि फिल यंगहजबंडने. दोघेही इंग्लंडचे, दोघांच्याही आया फिलिपिनो. २०१८ मध्ये नील एथरिज कार्डिफ सिटीचा गोलरक्षक म्हणून इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये उतरला. आग्नेय आशियातून तिथे खेळणारा तो पहिला. त्याचीही आई फिलिपिनो, बाप इंग्रज. २०२३ च्या महिला विश्वचषकात तर फिलिपाइन्सच्या मुलींनी यजमान न्यूझीलंडला हरवले. त्यातल्या बहुतेक मुली अमेरिकेत जन्मलेल्या होत्या.

या पुरुष संघाला लोकांनी नाव दिले होते 'अझकाल्स'. फिलिपाइन्समध्ये 'अस्काल' म्हणजे रस्त्यावरचे गावठी कुत्रे, ज्याच्या रक्ताचा ठावठिकाणा कोणी सांगू शकत नाही. संघाच्या निळ्या रंगाशी सांगड घालून चाहत्यांनी हा शब्द घडवला. जी शिवी होऊ शकली असती तिचा त्यांनी झेंडा केला आणि तो वर्षानुवर्षे मिरवला. आमच्या चळवळीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता हाच खेळाडू मनूच्या दरबारात उभा करा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अशा मुलांची यादीच दिली आहे. बाप शूद्र आणि आई ब्राह्मण असेल तर मूल चांडाळ, माणसांतला सर्वांत अधम. दोन वर्णांच्या मिलनातून आलेले लेकरू म्हणजे 'संकर', म्हणजे भेसळ, म्हणजे धर्मबुडी! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ जाळला तो उगाच नव्हे. पुढे १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात त्यांनी शुद्ध रक्ताच्या दाव्याच्या चिंधड्या उडवल्या. या देशात एकही समाज असा नाही की ज्यात बाहेरचे रक्त मिसळलेले नाही, हे त्यांनी पुराव्याने मांडले. जात मोडायचा खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाह हाच सांगितला, कारण रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणाची भावना येत नाही. फिलिपाइन्सच्या मैदानावर आपण पाहिला तो याच विचाराचा एक लहानसा पुरावा होय.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक खेळाडू येऊन राहिला. त्याचे नाव अराता इझुमी. जन्म १९८२ चा, जपानमधला. आई जपानी, बाप गुजराती वंशाचा भारतीय. २००६ साली तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला. नंतर मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि पुढे अनेक वर्षे पुणे एफसीकडून खेळला. इतकी वर्षे इथल्या मातीत घाम गाळूनही तो कागदोपत्री परदेशीच होता. भारत दोन नागरिकत्वे मान्य करीत नाही, जपानही करीत नाही. २००८ पासून तर भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय कोणत्याच खेळात देशाचा संघ मिळत नाही. तेव्हा या माणसाने जपानचे नागरिकत्व सोडले. जगात ज्या पासपोर्टला मान आहे तो टाकून आपला घेतला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. तेव्हा त्याचे वय तीस होते. भारत २-४ असा हरला. त्याला देशाकडून मिळालेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. पण त्याने दिलेली किंमत मोठी होती. त्याचे दुसरे नाव नीलकंठ खंभोळजा. एका माणसाला दोन नावे, दोन्ही खरी. नावासाठी काय मोजावे लागते हे मराठवाड्याला ठाऊक आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आम्ही १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढलो, आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंनी प्राण दिले.

अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या खेळाडूने भारतीय नागरिकत्व घेतले. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे अँग्लो-इंडियन. आजोबा १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. आईच्या रक्ताने परत आणलेला हा मुलगा देशाने कौतुकाने मिरवला. मिरवावाच.

पण त्याच नोव्हेंबरात नांदेड शहरात काय घडले? दुसऱ्या जातीच्या मुलीवर प्रेम केले म्हणून एका बौद्ध तरुणाचा खून झाला. आरोप आहे तो मुलीच्या घरच्यांवर. एकीकडे दूरदेशी मिसळलेल्या रक्ताला हार घालायचे, आणि दुसरीकडे त्याच शहरातल्या, पलीकडच्या गल्लीतल्या रक्ताशी मिसळू नये म्हणून हत्यार उचलायचे! हा कोणता देशाभिमान?

आईचा प्रश्न तर आणखी जुना आहे. आमच्या व्यवस्थेत मूल बापाच्या जातीचे. आईने त्याला वाढवले, आईच्या वस्तीतले अपमान त्याने गिळले, तरी दाखल्यावर बापच. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले, की बापाची जात हे केवळ गृहीतक आहे. मूल आईच्या समाजात वाढले आणि त्या समाजाचे भोग त्याने भोगले असे सिद्ध झाले, तर ते गृहीतक खोडता येते. म्हणजे काठमांडूच्या त्या सामन्याच्या दोनच महिने आधी आमच्या न्यायालयाने आईसाठी दार किलकिले केले. फिलिपाइन्सचे दार मात्र संविधानानेच सताड उघडे होते. आमच्याकडे त्या फटीतून आत शिरायलाही पुराव्यांचा गठ्ठा लागतो, आणि तहसीलपासून पडताळणी समितीपर्यंत हेलपाटे घालणाऱ्या एकट्या बाईला तो गठ्ठा किती जड होतो हे तिलाच विचारा.

येथे एक सावधगिरीही हवी. फिलिपाइन्समध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. तेथेही गोऱ्या कातडीचे, मेस्तिसो चेहऱ्याचे कौतुक वसाहतीच्या काळापासून चालत आले आहे. लंडनच्या अकादमीत घडलेला मुलगा तयार मिळतो, तेव्हा बारोताक नुएव्होसारख्या फुटबॉलवेड्या गावातला गरीब पोरगा मागे राहण्याची भीती असतेच. आमच्याकडेही हेच होईल. परदेशातून तयार खेळाडू आणायची चर्चा जोरात होईल, आणि आमच्या भीमनगरांतल्या पोरांना चेंडू मारायला मोकळी जागा आहे का, हे कोणी विचारणार नाही. लातूर पॅटर्नच्या गावात शिकवणीला पैसा आहे, खेळाच्या तासाला वेळ नाही. ज्याच्याकडे शिकवणीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी शिकवणीही नाही आणि मैदानही नाही.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. वस्तीजवळ मैदान द्या, शाळेत खेळाचा शिक्षक द्या, चांगल्या खेळणाऱ्या मुलाला पोटभर अन्न द्या. आणि दुसरी मागणी स्वतःकडे आहे. आपल्या घरातल्या मुलीने किंवा मुलाने जातीबाहेर जोडीदार निवडला, तर पहिले पाऊल आपण टाकायचे. आपल्यातल्या पोटजातींचे कुंपणही यात आलेच. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून पत्रिकेत पोटजात बघणाऱ्यांनी मनूला नावे ठेवू नयेत.

यंगहजबंडचे ते दोन गोल भारताच्या जाळ्यात गेले, याचे दुःख आहे. पण पराभवातून शहाणे व्हायचे असते. त्या दिवशी समोरच्या संघाने आपल्या आयांची सगळी लेकरे मैदानात उतरवली होती. आम्ही आजही दारात उभे राहून विचारतो आहोत, तुझा बाप कोण?