पाणी म्हणजे राख!

तर झालं असं. गेल्या शनिवारी बेगडेवाडी स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघत बसलो होतो. शेजारी आमच्या आळीतले काका, त्यांचा भाजीचा टेम्पो आहे. म्हणाले, "अरे, पाण्यावर गाडी चालवायचं किट मिळतंय. 12 हजार. तू इंजिनिअर ना, घेऊ का?"

"नका घेऊ," मी म्हणालो.

"का?"

इथे माझी बोलती बंद! एच-टू-ओ पाठ आहे हो, 104.5 अंशाचा कोन काढून मार्कही मिळवलेत. पण काकांना काय सांगणार?

मग चूल आठवली. म्हटलं, "काका, राख पुन्हा पेटते का? हायड्रोजन जळला की उरतं ते पाणी. म्हणजे पाणी ही त्याची राख."

काका काही कच्चे नाहीत. "मग चहाच्या आधणातून हायड्रोजन सुटतच असेल की!"

नाही सुटत. लोकलमधून उतरलेली गर्दी फलाटावर पांगते, पण दोन हातांना दोन पोरं धरलेली बाई त्यांना सोडत नाही. ऑक्सिजन तसा. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, कारण त्यांच्यातले हायड्रोजन बंध कमजोर. रेणूच्या आतला बंध इलेक्ट्रॉनच्या भागीदारीचा, वीसेक पट घट्ट. लिटरभर पाण्याची पूर्ण वाफ करायला पाऊण युनिटही लागत नाही. तेच पाणी फोडायला जवळजवळ साडेचार युनिट ऊर्जा लागते. आणि तो हायड्रोजन जाळून परत मिळणार जास्तीत जास्त तेवढीच! किटला वीज बॅटरीची, बॅटरी इंजिनाने भरायची, इंजिनाला डिझेल. म्हणजे बिल पुन्हा पंपावरच.

माझं स्पष्ट मत आहे, चूक काकांची नाही. शाळेत आपल्याला सूत्र मिळालं, हिशोब नाही मिळाला. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते असं माझ्या टीममधले दोघे बीई अजूनही म्हणतात. उलटं आहे राव! तोडायला ऊर्जा घालावी लागते, जोडताना बाहेर पडते.

"पण पेपरात बस आली होती ना?" काकांचा शेवटचा बॉल. आली होती. ऑगस्ट 2022, पुणे, केपीआयटी आणि सीएसआयआरची. पण तिच्या टाकीत हायड्रोजन भरतात, पाणी मागून बाहेर पडतं.

"म्हणजे राख," काका म्हणाले.

लोकल आली. काका चढता चढता म्हणतात, "पण 500 रुपये ॲडव्हान्स दिलाय रे."